सही खरी, पण पाहिली कोणी?

१ मार्च १९३८ या तारखेचा एक चेक आहे. न्यूयॉर्कच्या डिटेक्टिव्ह कॉमिक्स या कंपनीने तो क्लीव्हलंडच्या दोन पोरांच्या नावे काढला. लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शुस्टर, दोघेही तेव्हा तेवीस वर्षांचे. रक्कम ४१२ डॉलर. त्यातले १३० डॉलर 'सुपरमॅन'साठी: तेरा पाने, पानाला दहा डॉलर. बाकीचे पैसे इतर कामांचे. या १३० डॉलरमध्ये सुपरमॅनचे सगळे हक्क गेले.

गंमत अशी की चेक लिहिणाऱ्या जॅक लीबोविट्झ यांनी दोघांचीही आडनावे चुकीची लिहिली. त्यामुळे चेक वटवताना दोघांना मागच्या बाजूला दोन-दोन सह्या कराव्या लागल्या. एक चुकीच्या स्पेलिंगप्रमाणे, एक खऱ्या नावाची. बँकेत नाव जुळत नाही म्हणून ज्यांना परत पाठवले गेले आहे, त्यांना यातली खोच लगेच कळेल.

हा चेक मला आठवला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो आता परदेशात नोकरी करतो. जाड पारदर्शक प्लास्टिकमध्ये बंद केलेल्या एका कॉमिकचा फोटो त्याने पाठवला. वर पिवळे लेबल, त्यावर गुणांक, सही करणाऱ्याचे नाव आणि सहीची तारीख. खाली त्याचा प्रश्न होता, "सर, मुखपृष्ठावर पेनने लिहिलं की पुस्तक खराब होतं, असं तुम्ही आम्हाला शिकवलंत. मग याची किंमत वाढली कशी?"

प्रश्न रास्त होता. उत्तर शोधता शोधता मी बराच लांब गेलो.

अमेरिकेत १९३०च्या दशकात कॉमिक बुक दहा सेंटला मिळायचे आणि वाचून झाले की रद्दीत जायचे. आपल्याकडे तरी वेगळे काय होते? टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आम्ही मराठीत वाचला. पुस्तक हातात आले की पहिले काम म्हणजे पहिल्या पानावर स्वतःचे नाव, इयत्ता आणि तुकडी लिहिणे. उद्या त्याला किंमत येईल हे कोणाच्या गावी नव्हते. तिकडे १९६०च्या दशकात जुनी कॉमिक्स शोधणारे वेडे वाढले, त्यांची संमेलने भरू लागली, आणि १९७० साली रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी किमतींची पहिली मार्गदर्शिका छापली. तिच्यामुळे एक गोष्ट पक्की झाली: एकाच अंकाची किंमत त्याच्या अवस्थेवर ठरते. कोपरा मुडपलेला आहे का, पिनांना गंज आहे का, कागद पिवळा पडला आहे का, पाठीच्या घडीवर ताणाच्या रेषा आहेत का, आणि कोणी काही लिहिले आहे का.

लिहिणे हा दोष. मग लिहिणारा पाचवीतला पोरगा असो की खुद्द चित्रकार. शाई ती शाईच. अवस्था तपासणाऱ्याच्या दृष्टीने कागदावर छापखान्यातून आले नाही ते सगळे बाहेरचे.

एक अपवाद मात्र मला फार आवडला. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात लामोंट लार्सन नावाचा मुलगा १९३०-४०च्या दशकांत गावातल्या दुकानातून नियमित कॉमिक्स घ्यायचा. त्याचे अंक बाजूला राहावेत म्हणून दुकानदार मुखपृष्ठावर पेन्सिलीने त्याचे नाव लिहायचा. कधी 'लामोंट', कधी 'लार्सन'. आपला पेपरवाला अंकाच्या कोपऱ्यात घर नंबर टाकतो तसे. पुढे हा साठा बाजारात आला तेव्हा हीच पेन्सिलीची अक्षरे त्याची ओळख ठरली. आज संग्राहक 'लार्सन प्रत' म्हणून जास्त पैसे मोजतात, आणि नाव दिसले की खूश होतात. कोलोराडोत १९७७ साली सापडलेल्या एडगर चर्च यांच्या प्रचंड संग्रहाचेही तसेच. त्यातल्या अंकांवरच्या पेन्सिलीच्या खुणा ही आज त्यांची वंशावळ आहे. म्हणजे लिहिणे हा दोष, पण लिहिणारा कोण आणि ते सिद्ध होते का, यावर तो दोष राहतो की दागिना होतो ते ठरते.

'सही' या शब्दाकडे बघा. मराठीत आपण तो स्वाक्षरीसाठी वापरतो. मूळ अरबी 'सहीह', म्हणजे बरोबर, निर्दोष. कागद तपासला, बरोबर आहे, हे सांगणारी खूण ती सही. फारसीतून आलेला 'दस्तखत' जास्त सरळ आहे: दस्त म्हणजे हात, खत म्हणजे लिखाण. हातचे लिखाण. एक शब्द विचारतो, हात कोणाचा? दुसरा विचारतो, बरोबर आहे का? कॉमिकच्या बाजारात गेली पंचवीस वर्षे या दोन प्रश्नांचेच भांडण चालू आहे.

२००० साली अमेरिकेत सीजीसी ही कंपनी सुरू झाली. तिचे काम असे की तिऱ्हाईत म्हणून कॉमिक तपासायचे, ०.५ ते १० मध्ये गुणांक द्यायचा आणि ते प्लास्टिकच्या कवचात कायमचे बंद करायचे. विकणाराही नाही, घेणाराही नाही, म्हणून दोघांनी विश्वास ठेवायचा. लेबलांचे रंग ठरले. निळे म्हणजे साधा, निखळ अंक. जांभळे म्हणजे दुरुस्ती केलेला, फाटलेले जोडलेला, रंग भरलेला. पिवळे म्हणजे सही असलेला. पण पिवळ्यासाठी एक अट होती, आणि सगळी कथा त्या अटीत आहे. सही होताना कंपनीचा अधिकृत साक्षीदार समोर हजर पाहिजे. त्याने डोळ्यांनी पाहिले पाहिजे, आणि तिथून अंक कवचात बंद होईपर्यंत मालकाच्या हातात परत जाता कामा नये. असे झाले तर सहीची शाई दोष म्हणून धरली जात नाही. अंक ९.८ असेल तर ९.८च राहतो.

आणि साक्षीदार नसेल तर? तर सही कितीही खरी असो, कंपनीच्या लेखी ते बरीच वर्षे फक्त 'मुखपृष्ठावर नाव लिहिलेले' असे. मग मालकापुढे दोन वाटा असत. निळे लेबल घ्या आणि शाईमुळे गुणांक कमी झालेला सोसा, किंवा हिरवे लेबल घ्या. हिरवे म्हणजे सशर्त: हे नाव लिहिलेले नसते तर गुणांक इतका असता. विद्यार्थी म्हणाला, हा तर आपल्याकडचा 'एटीकेटी'सारखा प्रकार झाला. पास आहे, पण पूर्ण नाही.

पहिल्यांदा वाचले तेव्हा ही अट मला उर्मट वाटली. समजा, एखाद्याच्या वडिलांनी १९८०च्या दशकात रांगेत उभे राहून जॅक कर्बी यांची सही घेतली, घरात जपून ठेवली, मुलाला दिली. तिला तुम्ही म्हणणार, कोणीतरी नाव लिहिले आहे?

पण मग एफबीआयच्या 'ऑपरेशन बुलपेन'बद्दल वाचले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या त्या तपासात खेळाडूंच्या बनावट सह्यांचा कारखानाच उघडकीस आला. कारखाना म्हणजे अक्षरशः कारखाना: सह्या करणारे वेगळे, प्रमाणपत्रे देणारे वेगळे, विकणारे वेगळे. बेब रूथसारख्या कधीच्या वारलेल्या खेळाडूंच्या सह्या तर होत्याच, पण मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलही निघाले. आणि यातल्या कित्येक वस्तूंना 'अस्सल असल्याचे प्रमाणपत्र' जोडलेले होते. प्रमाणपत्र छापायला छापखाना पुरतो. अशा बाजारात 'मी स्वतः पाहिले' एवढेच म्हणणारा माणूस उर्मट वाटत नाही.

निकाहनाम्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या असतात, त्याही याचसाठी. ते अक्षरतज्ज्ञ नसतात. ते तिथे हजर होते, एवढीच त्यांची पात्रता. शाळेत दाखल्याची खरी प्रत साक्षांकित करताना मी मूळ दाखला समोर ठेवायला लावतो. पालक चिडतात, "सर, ओळखत नाही का आम्हाला?" ओळखतो. पण कागद पाहिल्याचे लिहून देतोय, ओळख असल्याचे नाही.

तरी या पद्धतीची दुसरी बाजू मी घरात पाहिली आहे, म्हणून सांगतो. माझे अब्बा आयुष्यभर उर्दूत सही करत. उजवीकडून डावीकडे, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट. उतारवयात हात थरथरू लागला आणि ती शेपूट गेली. एका कार्यालयात त्यांचा कागद परत आला, सही जुन्या नोंदीशी जुळत नाही म्हणून. अब्बा समोर बसलेले. माणूस तोच, हात तोच. तिथल्या माणसाने पुन्हा सही करायला लावली, पुन्हा ताडून पाहिली, आणि म्हणाला, दोन साक्षीदार आणा. अब्बा घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. रात्री पाटीवर, माझ्या मुलीच्या पाटीवर, ते शेपूट काढायचा सराव करत बसले होते.

तर मुद्दा असा की सही ताडण्याच्या दोन रीती आहेत. एक साक्षीची, दुसरी अक्षराची. सीजीसीने साक्षीची धरली. अक्षराची रीत घेऊन २०१४ साली सीबीसीएस ही कंपनी उभी राहिली. तिचे स्टीव्ह बोरॉक हे आधी सीजीसीचेच प्रमुख होते. त्यांनी साक्षीतल्या सह्या घेतल्याच, पण जुन्या, साक्षीदार नसलेल्या सह्याही तज्ज्ञांकडून तपासून घ्यायला सुरुवात केली. तज्ज्ञ नमुन्यांशी ताडतात: अक्षराची वळणे, दाब, हात कुठे उचलला, त्या वर्षांत तो माणूस नाव कसे लिहायचा, त्या काळी तसला पेन मिळत होता का. यात चूक होऊ शकते, हे तज्ज्ञही नाकारत नाहीत. पण या रीतीशिवाय मेलेल्या माणसाला न्याय नाही. कर्बी १९९४ साली वारले. बॅटमॅनवाले बॉब केन १९९८ साली. सीगल १९९६ साली, शुस्टर त्याआधी १९९२ साली. साक्षीदाराची पद्धत जन्मली २०००मध्ये. ज्यांच्या सहीची किंमत सर्वात जास्त, त्यांच्यापैकी बरेच जण साक्षीदार यायच्या आधीच निघून गेले होते.

माझे मन मात्र यापुढच्या गोष्टीत जास्त अडकले. हात कोणाचा, हे सिद्ध झाले. पण ज्याची सही, त्याचेच काम, हे कोण सिद्ध करणार?

बॅटमॅनच्या चित्रकथांवर कित्येक वर्षे एकच नाव होते, बॉब केन. चौकटीतली ठसठशीत सही. करारच तसा होता. आत चित्रे काढणारे हात मात्र वेगळेच: जेरी रॉबिन्सन, डिक स्प्रँग, शेल्डन मोल्डॉफ. आणि सुरुवातीच्या कथा, पोशाखाची कल्पना, गॉथम शहराचे नाव, ब्रूस वेन हे नाव, यामागे होते बिल फिंगर. १९६५ साली न्यूयॉर्कच्या एका संमेलनात फिंगर आले, बोलले. जेरी बेल्स या चाहत्याने त्यावर लिहिले. केन यांनी खुले पत्र लिहून ते झिडकारले. फिंगर १९७४ साली वारले. केन यांनी १९८९च्या आत्मचरित्रात उशिरा का होईना कबुली दिली. बॅटमॅनच्या श्रेयनामावलीत फिंगर यांचे नाव अधिकृतपणे यायला २०१५ साल उजाडले. जुन्या बॅटमॅनच्या अंकावर केन यांची अस्सल सही मिळाली, तिला लेबलही लागले, तरी ते लेबल काय सिद्ध करते? हा हात केन यांचा. एवढेच.

डोनाल्ड डकच्या कॉमिक्सवर तर फक्त वॉल्ट डिस्नेचे नाव असायचे. काढणारा कोण, हे वाचणाऱ्या मुलांना ठाऊक नव्हते. पण मुले मूर्ख नसतात. यातल्या काही कथा 'चांगल्या चित्रकाराच्या' आहेत, हे त्यांनी नुसत्या रेषेवरून ओळखले होते. १९६०च्या सुमारास काही चाहत्यांनी शोध घेऊन नाव काढले, कार्ल बार्क्स. १९४२पासून बिनसहीचे काम करणाऱ्या माणसाला तेव्हा कुठे चाहत्यांची पत्रे येऊ लागली. सही नसताना रेषेवरून ओळख पटणे, यापेक्षा मोठे प्रमाणपत्र मला तरी माहीत नाही.

आणि ज्या नावांच्या सह्या आज लाखोंना जातात, ती नावे तरी कुठे जन्माची होती? जॅक कर्बी हे जेकब कुर्ट्झबर्ग. बॉब केन हे रॉबर्ट कान. स्टॅन ली हे स्टॅन्ली लीबर. सगळी ज्यू स्थलांतरितांची मुले. ज्या काळात आडनावावरून दार बंद व्हायचे, त्या काळात त्यांनी सहीसाठी दुसरे नाव घेतले. युसुफ खानचा दिलीपकुमार झाला तो काळही फार लांबचा नाही. उर्दूत तखल्लुस असतो, तो शायर हौसेने घेतो. हे तसे नव्हते. लीबर यांचे म्हणणे असे होते की कॉमिक्सवर आपण टोपणनाव टाकू आणि खरे नाव मोठ्या कादंबरीसाठी राखून ठेवू. ती कादंबरी झाली नाही. पुढे कायद्यानेही त्यांनी स्टॅन ली हेच नाव घेतले.

कर्बी यांच्या बाबतीत तर न केलेल्या सहीची गोष्ट मोठी आहे. कॉमिक्स कंपन्या पूर्वी चेकच्या पाठीमागे छापील मजकूर टाकत. चेक वटवायला सही केली की कामाचे हक्क दिल्याचे मान्य. पोटासाठी सही करावीच लागायची. १९८०च्या दशकात मार्व्हल कंपनी जुनी मूळ चित्रे चित्रकारांना परत देऊ लागली. इतरांना एक पानाचा कागद होता. कर्बी यांच्यापुढे चार पानांचा ठेवला, आणि हजारो पाने काढलेल्या माणसाला देऊ केली अवघी ८८ पाने. त्यांनी सही केली नाही. चित्रकार, लेखक, वाचक त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९८७ साली साध्या कागदावर प्रकरण मिटले आणि जवळपास दोन हजार पाने परत मिळाली. ज्या माणसाची सही आज लोक काचेत ठेवतात, त्याच्या आयुष्यातला मोठा लढा सही न करण्याचा होता.

स्टॅन ली मात्र सह्या करत राहिले. नव्वदी ओलांडल्यावरही संमेलनांत रांगा लागायच्या, एका सहीला शंभराहून जास्त डॉलर, शेजारी साक्षीदार, पिवळी लेबले. १२ नोव्हेंबर २०१८ला ते वारले. त्याच वर्षी वसंतात एका संमेलनातून बातम्या आल्या होत्या, की सही करताना शेजारचा माणूस त्यांना त्यांच्याच नावाची अक्षरे सांगतो आहे. त्या सह्या नियमाने बघितल्या तर चोख. पाहिलेल्या, नोंदलेल्या, तारखेसकट. मला त्या बातमीने पाटीवरची ती शेपूट आठवली आणि वाचन त्या दिवशी तिथेच थांबवले.

विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर एव्हाना मिळाले होते, ते त्याला कळवले. हल्लीचा, हजारो प्रती निघालेला अंक असेल तर साक्षीतली सही त्याला गर्दीतून वर काढते. फार जुना, दुर्मिळ, स्वच्छ अंक असेल तर अनेक संग्राहकांना त्यावर कसलीच शाई नको असते, मग ती कोणाचीही असो. सहीची जागाही बघतात. नायकाच्या तोंडावर केलेली सही कोणालाच आवडत नाही. आणि कवच म्हणजे अभय नव्हे. २०२३च्या अखेरीस असे उघड झाले की कोणीतरी सीजीसीची कवचे उघडून आत कमी प्रतीचे अंक घालत होते आणि नव्या कवचासाठी तेच परत पाठवत होते. साक्षीदाराचीही तपासणी करायची वेळ आली. पोराने उत्तर दिले, "म्हणजे सर, घ्यायचं की नाही?" मी लिहिले, वाचायला घे. तो म्हणाला, कवचातला अंक उघडता येत नाही.

राहिला तो चेक. कंपनीच्या दप्तरातून कोणीतरी वाचवला म्हणून तो टिकला. सीगल आणि शुस्टर यांची उमेदीची वर्षे कोर्टकचेरीत गेली. सुपरमॅनवरून त्यांची नावेही काढली गेली. १९७५ साली लोकांच्या दबावामुळे दोघांना वर्षाला वीस हजार डॉलर निवृत्तिवेतन आणि नावे परत मिळाली. सुपरमॅनचा पहिला अंक, दहा सेंटचा, २०१४ साली ९.० गुणांकाच्या निळ्या लेबलासह ३२ लाख डॉलरना गेला. दुसरी एक ८.५ची प्रत २०२४ साली ६० लाखांना. आणि तो चेक, पाठीवरच्या चार सह्यांसकट, २०१२ साली लिलावात १ लाख ६० हजार डॉलरना विकला गेला.

पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१३मध्ये, सीगल यांच्या वारसांचा सुपरमॅनवरचा दावा अमेरिकेच्या अपील कोर्टात पडला. २००१ साली कंपनीशी बोलणी झाली होती. सविस्तर करारनाम्यावर वारसांनी सही केलीच नव्हती. पण त्यांच्या वकिलाने अटी मान्य असल्याचे एक पत्र पाठवले होते. कोर्टाने तेवढे पुरेसे धरले.